उजळणीचा तक्ता

परीक्षेला सोळा दिवस.
पाण्यापलीकडे पिकोचा डोंगर आज कमरेपर्यंतच दिसतो,
वरचं धड ढगानं उचलून नेलंय.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी नऊ उत्तरपत्रिका पसरल्यात,
पत्त्यांसारख्या, उताण्या.
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ कोरी होती,
तिच्यावर रेघा मारल्या. नावं उभी, वार आडवे.

सगळ्यांना एकच उजळणी देणं सोपं.
फळ्यावर वीस गणितं, घंटा, संपलं.
पण उजळणी म्हणजे उजळणंच की,
लिंबू-मीठ लावून जुनं तांबं घासणं.
आणि कुणाच्या भांड्याला कुठे काळं धरलंय
हे भांडं हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

लोरेन्सू. पहाटे चारला गायी,
मग दूध केंद्रावर रांग.
दुपारी बसवला तर उघड्या डोळ्यांनी झोपतो.
म्हणून सकाळी सहा चाळीस, तिथेच कट्ट्यावर,
त्याचे कॅन रिकामे होईतो.
संभाव्यता. एवढीच. बाकीचं त्याला गायींनी शिकवलंय.

बेनेदिता. हिला सगळं येतं.
तरी रात्री दोनला मेसेज,
'बाई, सतरावा प्रश्न पुन्हा तपासाल?'
तिच्या चौकोनात मी लिहिलं, पोहणे.
मग खोडलं. ती त्याचाही अभ्यास करील.
लिहिलं, माझ्याकडे येऊन भांडी पुसणे.

जासिंतू कड्याखालच्या वाडीत राहतो.
दरड पडल्यापासून रस्ता बंद,
रोज तासभर चढून येतो आणि घामेजल्या हातानं
कोनांची नावं उलटी लिहितो.
त्याच्याकडे मीच उतरणार. गुडघा कुरकुरेल, कुरकुरू दे.
त्रिकोणमिती तिथे आयती उभी आहे,
चारशे मीटर, वर बघितलं की टोपी पडते.

राकेल आणि इवू, जुळी.
एकत्र बसली तर भांडतात, वेगळी बसली तर रुसतात.
त्यांचा वार अजून पेन्सिलनं.

इल्दाची आई टोरोंटोत ऑफिसं पुसते.
ऑगस्टचं तिकीट आलंय.
'तिकडे हे लागतं का?' तिनं विचारलं होतं,
आणि मी 'लागतं' म्हणाले, फार पटकन.
तिचा चौकोन मोकळा.

मग चुका मोजायला बसले. लाल पेन, बारीक काड्या.
तिसरं पान.
कंसाबाहेरचं वजा पहिल्या पदाला लागलं,
दुसरं पद तसंच निसटलं.
लोरेन्सूचं निसटलं. जासिंतूचं. जुळ्यांचंही,
जी एकमेकांच्या वहीकडे बघायला मरतील तरी तयार नाहीत.
बेनेदिताचंसुद्धा, एकदा, मग खाडाखोड.
नवांतले सात. त्याच वळणावर.

चहा गार झाला.
मी उजवा हात उचलून हवेत तेच गणित सोडवलं,
जसं फळ्यावर सोडवते तसं.
खांदा धरल्यापासून हात उजवीकडे पूर्ण जात नाही.
पहिलं चिन्ह बदलते ठसठशीत,
दुसरं नुसतं तोंडानं म्हणते,
आणि खडू काढतो माशीच्या पायाएवढी रेघ,
जणू माफी मागतोय.
दोन वर्षं. मागच्या बाकांना ती दिसलीच नसणार,
आणि त्यांनी विश्वासानं उतरवून घेतलं
जे दिसलं ते.

तक्त्यात एक ओळ वाढवली. दहावी.
ओदेत. विषय, वजा. वेळ, आत्ता.
कॅलेंडरच्या उरलेल्या पांढऱ्यावर
डाव्या हातानं रेघा ओढत बसले,
वाकड्या, पण लांब,
होडीच्या वल्ह्याएवढ्या.

पलीकडे डोंगर आता अजिबात नाही.
उद्या मंगळवार, लोरेन्सू, सहा चाळीस.
केंद्रापर्यंत वीस मिनिटं.
चाळीस, वजा (जाड काढलं) वीस.
म्हणजे सहा वीसला निघायचं.
गजर साडेपाचचा लावला,
आणि इल्दाच्या चौकोनात लिहिलं,
खरं उत्तर माहीत नाही, हे सांगणे.